सात हजारांचे कर्ज

उस्ताद, खलिफा, पहिलवान, दंगल. आपल्या मराठवाड्यातल्या तालमीत रोज वापरले जाणारे हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि लाल मातीत इतके मुरले की ते मुळात कुणाचे, हे आता कुणी विचारत नाही. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत कुस्त्या होतात, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत होतात आणि गावोगावच्या उरुसातही होतात. हलगी तीच, माती तीच, बहुतेक वेळा पैलवानही तेच. एकाच्या तोंडी बजरंगबली, दुसऱ्याच्या तोंडी या अली, आणि उस्तादाच्या पाया पडायला दोघेही वाकतात.

म्हणून यंदा रमजानच्या या पानावर एका पैलवानाची हकिकत सांगायची आहे. ते मुसलमान नव्हते आणि मराठवाड्यातलेही नव्हते. सातारा जिल्ह्यातल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवून देणारा पहिला माणूस. त्यांचे नाव सगळ्यांना माहीत असते, पण त्यापुढची गोष्ट विचारली तर बरेच जण बैलगाड्यांच्या मिरवणुकीपाशी थांबतात. मिरवणुकीच्या आधी काय झाले आणि मिरवणूक पांगल्यावर काय झाले, ते खरे सांगण्यासारखे आहे.

हे आत्ताच आठवण्याचे कारण म्हणजे अलीकडे खेळाच्या बातम्यांत सारखे कानावर येणारे हॉल ऑफ फेम. क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने असे एक दालन केले आहे. त्यात गावसकर आहेत, तेंडुलकर आहेत, डायना एडलजी आहेत. विनू मांकड यांना २०२१ मध्ये तिथे जागा मिळाली, ते वारले त्याला तेव्हा ४३ वर्षे होत आली होती. टेनिसच्या अशाच दालनात २०२४ मध्ये लिअँडर पेस आणि विजय अमृतराज गेले. मोठ्या खेळाडूंची नावे भिंतीवर लिहून ठेवावीत ही कल्पना चांगलीच आहे. प्रश्न एवढाच, की नाव लिहायला भिंत कधी उभी राहते आणि तोवर त्या माणसाचे काय होते.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. पाच भावांत ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे पोराला चालता येऊ लागले तशी माती अंगाला लागली. वय पाचच्या आसपास असेल, तेव्हापासून घरचीच तालीम. अंगाने ते लहानखुरे होते. भारदस्त पैलवान पाहायची सवय असलेल्या लोकांना असा पोरगा आखाड्यात उतरला की हसू यायचे आणि थोड्या वेळात ते थांबायचे. ताकदीपेक्षा चपळाईवर आणि डावांवर त्यांची भिस्त होती. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. समोरच्याचे डोके बगलेत धरून त्याला झटक्यात फिरवून खाली आणायचे, पाहणाऱ्याला कळायच्या आत.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये ते शिकले. ते दिवस बेचाळीसच्या चळवळीचे. सातारा जिल्हा तर प्रतिसरकारने ढवळून निघालेला. भूमिगतांना आसरा देणे, निरोप पोचवणे अशी कामे शाळकरी खाशाबांनीही केली असे सांगतात. त्या वयातल्या मुलावर देश या शब्दाचे जे संस्कार होतात ते पुढे कामी आले असणार, कारण परदेशात जाऊन कुस्ती खेळण्यात तेव्हा पैसा नव्हता. पैसा यात्रेच्या दंगलीत होता. नारळ, फेटा, रोख इनाम, सगळे गावातल्या गावात मिळत होते. ऑलिम्पिकला जाणारा पैलवान त्यावर पाणी सोडून जात होता.

शाळेनंतर ते कोल्हापुरात आले, राजाराम कॉलेजात. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी रोममधले जुने मैदान पाहून १९१२ साली खासबाग मैदान बांधून घेतले. खोलगट, चारी बाजूंनी माणूस बसेल असे, आणि शेवटच्या रांगेतल्यालाही डाव दिसेल असे. इमामबक्षांसारखे पंजाबचे नामांकित मल्ल या मैदानात उतरले. पंजाबच्या उस्तादांचे डाव कोल्हापूरच्या पोरांनी उचलले. महाराज स्वतः मल्लविद्येचे जाणकार. पैलवानाची जात-धर्म विचारण्याची पद्धत त्यांच्या दरबारी नव्हती. खाशाबा आले तेव्हा शाहू महाराजांना जाऊन पंचवीस वर्षांच्या आसपास काळ लोटला होता, पण तालमी जाग्यावर होत्या.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे गेल्यावर कळले की आपण आयुष्यभर जी कुस्ती खेळलो ती वेगळी आणि ही वेगळी. मातीत पाय रुततो, मॅटवर घसरतो. मातीत वेळेचे बंधन ढिले, पाठ टेकली की कुस्ती संपली. मॅटवर घड्याळ आणि गुण. समोरच्याला अस्मान दाखवले नाही तरी गुणांवर सामना जातो. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना मॅटवरच्या युक्त्या दाखवल्या. एवढ्या शिदोरीवर ते फ्लायवेट गटात उतरले. ऑस्ट्रेलियाच्या मल्लाला त्यांनी पहिल्या काही मिनिटांतच हरवले, अमेरिकेच्या मल्लालाही हरवले, आणि इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून हरले. इराणात कुस्ती म्हणजे घरचा खेळ. पहिलवान हा शब्दच तिथला. एकूण सहावा क्रमांक. मॅट जवळजवळ पहिल्यांदाच पाहणाऱ्या बावीस वर्षांच्या पोराने जगात सहावे येणे ही मोठी गोष्ट होती, पण सहाव्या क्रमांकाला पदक नसते.

पुढची चार वर्षे त्यांनी स्वतःला घासून घेतले. जोर-बैठका तर रोजच्याच. त्यात वजनाचा गट बदलला, फ्लायवेटमधून बँटमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलोंत. वजनी गटात खेळणाऱ्या पैलवानाची कसरत रोजेदार वाचकांच्या लगेच लक्षात येईल. काट्यावर उभे राहायच्या आधी भूक मारायची, तहान मारायची आणि त्याच अंगाने झुंजायचे. फरक इतकाच की त्याच्या उपासाला मगरिबची अजान नसते.

हेलसिंकीच्या निवडीत मात्र अडचण आली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एक गुण कमी दिला गेला आणि यादीत नाव आले नाही. हा अन्याय आहे असे त्यांचे म्हणणे होते. असल्या वेळी बहुतेक पोरे नशिबाला बोल लावून गावी परततात. खाशाबांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज कुस्तीचे शौकीन होते, त्यांनी पुन्हा लढत लावून दिली. खाशाबांनी ती जिंकली आणि वादच मिटवला.

निवड झाली, पण जायचे कशावर? संस्थान आता विलीन झाले होते, त्यामुळे राजाची तिजोरी नव्हती. सरकारी मदत तुटपुंजी. खाशाबा आणि त्यांचे घरचे लोक दारोदार फिरले. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या माणसांनी जमेल तसे दिले. तरी मोठी रक्कम कमीच पडत होती. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले.

इथे जरा थांबावेसे वाटते. १९५२ सालचे सात हजार. मुलगा पोटचा नाही, नात्याचा नाही, आणि जिंकून येईल याची कुणी हमी दिलेली नाही. सहावा क्रमांक मिळवून आलेला एक विद्यार्थी एवढीच ओळख. कॉलेजच्या प्राचार्याने अशा मुलासाठी भाषण केले असते, शिफारसपत्र दिले असते, वर्गणीत पहिले नाव घातले असते तरी लोकांनी त्यांना चांगले म्हटले असते. त्यांनी घराचे कागद दिले.

हेलसिंकीत भारताचे लक्ष हॉकीवर होते, आणि हॉकीने सुवर्णपदक आणलेच. कुस्तीच्या बाजूला फारसे कुणी फिरकत नव्हते. खाशाबांनी कॅनडाचा मल्ल हरवला, मेक्सिकोचा हरवला, जर्मनीचा हरवला. तेव्हाचे नियम आजच्यासारखे नव्हते. प्रत्येक पराभवाचे आणि निसटत्या विजयाचे उणे गुण खात्यावर पडत, ठरावीक गुण झाले की मल्ल बाद, आणि शेवटी उरलेल्या तिघांनी आपसांत लढायचे. खाशाबा त्या तिघांत पोचले. बाकीचे दोघे म्हणजे जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव. मम्मदबेयोव अझरबैजानचे, रशीद नावाची माणसे आपल्या देगलूर नाक्यावरही भेटतील.

इशींबरोबरची लढत लांबली आणि खाशाबा थोडक्यात हरले. नियमाने दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांना लगेच रशीद यांच्यासमोर उभे केले गेले आणि त्यावर हरकत घ्यायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. थकलेल्या अंगाने ते ही लढतही हरले. इशींना सुवर्ण, रशीद यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तारीख होती २३ जुलै १९५२. जाणकार मंडळी अजूनही हळहळतात की मैदानाच्या कडेला आपला एक माणूस उभा असता तर पदकाचा रंग कदाचित बदलला असता. झाले असते की नाही, कोण सांगणार? पण खेळाडूच्या पाठीशी उभे राहायला माणूस लागतो, आणि नेमका त्या दिवशी तो नव्हता.

त्याच हेलसिंकीत आणखी एक मराठी पैलवान होता. कोल्हापूरचे केशव माणगावे, ६२ किलो गटात. ते चौथे आले. कांस्यपदकापासून एक पायरी खाली. आज किती जणांना हे नाव ठाऊक आहे? तिसरा आणि चौथा यांच्यात मॅटवर काही गुणांचे अंतर असते आणि लोकांच्या आठवणीत कधीकधी सत्तर वर्षांचे.

खाशाबा परतले ते कऱ्हाड स्टेशनवर. तिथून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हलगी, लेझीम, गुलाल, शिंगांना रंग लावलेले बैल. एरवी थोड्या वेळात सरणारी ती वाट त्या दिवशी काही तास चालली. कुठल्याही पुढाऱ्याने हा सत्कार ठरवला नव्हता, तो गावाने आपणहून केला. खर्डेकरांनी घर गहाण टाकले तसे या लोकांनीही आपापल्या कुवतीने पैसे दिले होते, म्हणजे ते पदक एका अर्थाने वर्गणीचे होते आणि ज्याची वर्गणी तो मिरवणुकीत होता.

मिरवणूक संपली आणि खाशाबांनी एक काम हाती घेतले, ते मला पदकाइतकेच मोठे वाटते. त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवले. स्वतः लढले, जिंकले, आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. ऑलिम्पिक पदक मिळवून आलेला मल्ल पुन्हा तिकीट लावलेल्या आखाड्यात उतरतो, कारण त्याच्या गुरुजींच्या घरावर बोजा आहे. या महिन्यात आपल्याकडे घरोघर जकातीचा हिशेब मांडला जातो, आणि त्यात अंगावरचे कर्ज आधी वजा करतात. देणे आधी, बाकी सगळे मागून. गोळेश्वरच्या त्या पैलवानाला हा हिशेब कुणी शिकवला नव्हता.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. तिथेही ते खेळले, इतरांना शिकवले, खात्याला बक्षिसे मिळवून दिली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी होती, पण गुडघा दुखावला आणि तो रस्ता बंद झाला. पुढची सारी वर्षे नोकरीची. बढती मिळायला फार वाट पाहावी लागली. सहायक पोलीस आयुक्त म्हणून १९८३ मध्ये ते निवृत्त झाले, आणि मग हक्काच्या निवृत्तिवेतनासाठी खेटे घालणे आले. पैशाची ओढाताण चालूच होती. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी ज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांना बोलावले गेले. जिवंतपणी झालेल्या कौतुकातली तेवढीच एक ठळक आठवण. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय ५८. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता.

आता सन्मानांची यादी पाहा. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, नव्वदच्या दशकात. केंद्राचा अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. म्हणजे खाशाबा त्यानंतर तेवीस वर्षे जिवंत होते, आणि त्या तेवीस वर्षांत इतर कुस्तीगीरांना तो मिळत गेला. त्यांना मिळाला २००० सालचा, तोही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांत दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले. २०२३ च्या जानेवारीत, त्यांच्या ९७ व्या जन्मदिनी, गुगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र लावले. त्या दिवशी कितीतरी पोरांनी मोबाइलवर पहिल्यांदा त्यांचे नाव वाचले असेल. त्याच वर्षी राज्य सरकारने १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन ठरवला. तेव्हा क्रीडा खाते आपल्या लातूर जिल्ह्याकडेच होते, उदगीरचे आमदार संजय बनसोडे मंत्री होते. पद्म पुरस्कारासाठी कुटुंबीय आणि गावकरी वर्षानुवर्षे सरकारदरबारी जात राहिले. तिथे अडचण नियमाची. हा पुरस्कार सहसा हयात माणसाला देतात, मरणोत्तर क्वचित. जो माणूस हयात असताना कुणाला आठवला नाही, त्याला ही अट सांगायची म्हणजे अवघडच आहे.

सगळ्यात बोचणारी गोष्ट २०१७ ची. गोळेश्वरात खाशाबांच्या नावे कुस्तीचे प्रशिक्षण केंद्र उभारण्याची घोषणा सरकारने कित्येक वर्षे आधी केली होती. केंद्र काही उभे राहीना. शेवटी घरच्यांनी जाहीर केले की हेलसिंकीचे पदक लिलावात काढू आणि त्या पैशातून केंद्र बांधू. ही बातमी देशभर छापून आली. ज्या पदकासाठी एका प्राचार्याने घर गहाण टाकले, ते पदकच विकायची भाषा पासष्ट वर्षांनी त्याच्या घरच्यांना करावी लागली. माझ्या मते पुतळे, दिवस, नामकरणे हे सगळे करावे, जरूर करावे. पण निवृत्तिवेतनाची फाईल आणि तालमीचे छप्पर आधी पाहावे.

काळ बदललाच नाही असेही नाही. खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक पदकासाठी ४४ वर्षे थांबावे लागले, १९९६ मध्ये अटलांटाला लिअँडर पेसने ते मिळवले. कुस्तीत तर पुढचे पदक २००८ मध्ये सुशील कुमारचे. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिम्पिक पदक पुन्हा मिळवले ते २०२४ मध्ये, पॅरिसला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने, नेमबाजीत. मध्ये ७२ वर्षे गेली. तेही कांस्यच, आणि तोही कोल्हापूरच्या बाजूचाच. सरकारने त्याला तातडीने एक कोटी रुपये जाहीर केले. एक कोटी आणि गहाण घरावरचे सात हजार, या दोन आकड्यांच्या मधे खाशाबांची सारी नोकरी बसते.

आपल्याकडचेही एक नाव यात यायला हवे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. १९६९ ची महाराष्ट्र केसरीची गदा त्यांनी जिंकली ती लातुरातच, आपल्या माणसांसमोर. पुढे रुस्तुम-ए-हिंद झाले, आणि त्याहून मोठे काम म्हणजे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे घडवली. २०११ मध्ये ते गेले. त्यांची कुस्ती डोळ्यांनी पाहिलेली माणसे लातूर, निलंगा, औशात अजून आहेत. सत्तरी ओलांडलेली, काही मशिदीच्या ओट्यावर अस्रनंतर बसलेली, काही मारुतीच्या पारावर. त्यांना विचारले की ती कुस्ती अशी सांगतात जणू हलगी आत्ता थांबली. त्यांच्याकडून कुणी हे लिहून घेतले तर बरे होईल, आणि ते यंदाच घ्यावे.